शिक्षणाचा हिशेब, लेखांक 6 : फी किरकोळ, किंमत मोठी

मृगाचा पाऊस पडला की चाकूरच्या बाजारात दोन चौकशा एकदमच सुरू होतात. एक सोयाबीनच्या बियाण्याची, दुसरी बारावी झालेल्या पोराला कुठं घालायचं याची. मागच्या आठवड्यात आपण लातूरच्या ट्यूशन एरियातला खर्च मांडला. तो वाचून एका शेतकऱ्यानं मला रस्त्यातच गाठलं. "सर, ते डॉक्टरकीचं आपल्याला झेपायचं नाही. आयटीआयचं सांगा. फी तर काहीच नाही म्हणतेत. मग घाटा कसला?"

सरकारी आयटीआयची फी किरकोळ असते, हे खरंच. पण खर्च पावतीवर दिसतो तेवढाच नसतो. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी हे ट्रेड दोन वर्षांचे. (जोडारी फक्त फलकावर, पोरांच्या तोंडी फिटरच.) ही दोन वर्षं पोरगं कमवत नाही. ती कमाई कुणी पावतीवर लिहीत नाही, पण घरात ती येतही नाही.

ती मोजू. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली. अठरा पूर्ण झालेल्या पोराला महिन्यात वीस दिवस काम मिळालं असतं असं धरलं, तर महिन्याचे 6,240 आणि चोवीस महिन्यांचे 1,49,760 रुपये होतात. फी, एसटीचा पास, बूट, वह्या यांचे महिना हजार धरा, ते 24,000. बेरीज 1,73,760. म्हणजे 'फुकट' आयटीआय पावणेदोन लाखांना पडली.

आता जमेची बाजू. महावितरणनं 2023 च्या अखेरीस विद्युत सहाय्यकांच्या 5,347 जागा काढल्या. त्यासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागत होतं. मानधन पहिल्या वर्षी महिना 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000, तिसऱ्या वर्षी 17,000. पहिल्या वर्षाचा आकडा धरला तरी मजुरीपेक्षा महिन्याला 8,760 रुपये जास्त. पावणेदोन लाख वीस महिन्यांत फिटतात. मात्र या जागा अख्ख्या राज्यासाठी, आणि भरती काही दरवर्षी निघत नाही. वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक महिना पुन्हा खर्चाच्याच रकान्यात जातो.

दुसरं पोरगं चाकणच्या कारखान्यात लागलं असं समजा. हातात 13,000, त्यातले खोली-मेसचे 5,000 गेले. उरले 8,000. मजुरीपेक्षा महिन्याला 1,760 रुपयेच जास्त! मजुरीवाला घरचं जेवतो, हे विसरू नका. या वेगानं तेच पावणेदोन लाख फिटायला आठ वर्षं लागतील. पगार 18,000 झाला, तर मात्र सव्वादोन वर्षांच्या आत मोकळे. कागद एकच, एकाला वीस महिने, दुसऱ्याला आठ वर्षं.

हा फरक कुठून येतो, ते वर्कशॉपमध्ये दिसतं. फिटरचं पोरगं सुरुवातीला शेगड्यात लोखंडाचा तुकडा आवळून नुसती कानस मारत असतं. तळहाताला फोड येतात. मग गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. मधून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा कानस. कुणी ती रेघ जाईपर्यंत घासतो, कुणी शेजाऱ्याचा जॉब दाखवून सही घेतो. प्रमाणपत्र दोघांनाही मिळतं. पण 13,000 वरून 18,000 वर कोण लवकर जाईल, ते त्या रेघेनं आधीच सांगितलेलं असतं.

म्हणून प्रमाणपत्राच्या पुढची पायरी महत्त्वाची. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिस म्हणून काम शिकता येतं. 2019 च्या सुधारित नियमांनी आयटीआयवाल्याचं किमान विद्यावेतन महिना 7,000 ठरवलं. रक्कम मजुरीच्या आसपासचीच, पण मोठ्या यंत्रावर हात बसतो आणि त्याचं वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. गावात राहायचं असेल, तर वीजतंत्र्याला मोटार रिवाइंडिंगही जमलं पाहिजे. व्होल्टेज पडलं की ऐन हंगामात बोअरच्या मोटारी जळतात, आणि पाणी अडलेला शेतकरी घासाघीस करत बसत नाही. तिथं खोलीभाडं नाही, मेस नाही.

हरंगुळच्या रेल्वे कोच कारखान्यात डिसेंबर 2020 मध्ये डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. तेव्हापासून आपल्याकडे घराघरांत त्या नोकरीचं गणित मांडलं जातं. आशा जरूर ठेवा, पण एकाच कारखान्याच्या भरवशावर ट्रेड निवडू नका.

त्या शेतकऱ्याला मी एवढंच म्हणालो, "मामा, पसंतीक्रम भरायच्या आधी एकदा आयटीआयच्या आवारात जाऊन या. मागच्या बॅचची पोरं कुठं लागली, अप्रेंटिस कितीजण झाले आणि यंत्रावर हात रोज पडतो का, एवढं विचारा. फी शेवटी विचारा."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बियाणं घेतानाबी आधी उगवण विचारतो की. दर मागून."

पुढच्या आठवड्यात : आयटीआयनंतर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेलं, तर हाच हिशेब कसा बदलतो?