उतारावरील घर, लहान ट्रॅक्टर आणि माती

दिल्ली-जयपूर महामार्गाने गुरुग्राम मागे टाकले की मानेसर लागते. मोटारींचे कारखाने, गोदामे आणि कामगारांच्या वसाहती यांनी हा परिसर व्यापला असला, तरी त्याच्या पाठीशी अरवलीच्या बुटक्या, जीर्ण टेकड्या अजून उभ्या आहेत. क्वार्टझाइटचा कठीण खडक, त्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या रेताड मातीचा पातळ थर आणि विलायती बाभूळ व धौ यांची खुरटी झाडी असे या उतारांचे स्वरूप आहे. वर्षभराच्या पावसाचा बहुतेक भाग जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत, तोही जोरदार सरींनी पडतो. अशा उतारांच्या पायथ्याशी घर, फार्महाऊस किंवा रोपवाटिका उभारण्यासाठी जमीन सपाट करण्याचे काम आता मोठ्या यंत्रांबरोबर १५ ते २५ अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरनेही केले जाते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. मावळ, मुळशी, कर्जत किंवा तळकोकणात उतारावरचा भूखंड घेऊन घर बांधणाऱ्यांची संख्या वाढत आहे. बागेसाठी घेतलेला लहान ट्रॅक्टर घरी असतोच. त्याला मागे लेव्हलर किंवा पुढे लोडर जोडला की माती हलवता येते. यंत्र लहान असल्यामुळे धोकाही लहान असेल, असा समज मात्र होतो आणि तो यंत्र, उतार व माती या तिन्ही बाबतींत चुकीचा ठरतो.

कायदा आधी, यंत्र नंतर

मानेसर परिसरात उताराला हात लावण्यापूर्वी जमिनीची नोंद पाहणे अनिवार्य आहे. केंद्र शासनाच्या ७ मे १९९२ च्या अरवली अधिसूचनेनुसार तत्कालीन गुडगाव आणि अलवर जिल्ह्यांत महसूल दप्तरी ‘गैर मुमकिन पहाड’, ‘बीड’, ‘रूंध’ अशा नोंदी असलेल्या जमिनींवर पूर्वपरवानगीविना बांधकाम, खोदकाम व वृक्षतोड यांवर निर्बंध आहेत. पंजाब भूमी संरक्षण अधिनियम १९०० हा कायदा तर मुळातच टेकड्यांची धूप रोखण्यासाठी झाला. त्याच्या कलम ४ खालील विशेष आदेशांत येणारी जमीन वनजमीन ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. महाराष्ट्रातही माती आणि मुरूम ही गौण खनिजे आहेत. उत्खननापूर्वी तहसील कार्यालयातून परवानगीची आवश्यकता तपासून घ्यावी.

किती माती हलवावी लागेल?

उतारावर सपाट टप्पा काढताना वरच्या अर्ध्या भागातील माती कापून खालच्या अर्ध्या भागात भरणे, ही सर्वांत सोपी पद्धत होय. उतार १५ अंशांचा, म्हणजे दर मीटरला सुमारे २७ सेंटिमीटर चढणारा आहे असे मानू. ६ मीटर रुंद आणि १० मीटर लांब टप्पा हवा असेल, तर मागील कड सुमारे ८० सेंटिमीटर उंच कापावी लागते आणि सुमारे १२ घनमीटर, म्हणजे सव्वाचार ब्रास माती निघते. खोदल्यावर ती फुगून १५ घनमीटरच्या आसपास होते. लहान लोडरच्या बकेटमध्ये एका खेपेस ०.२ घनमीटर माती मावते असे धरले, तरी ७५ खेपा होतात. मातीचे एकूण वजन २० टनांच्या घरात जाते.

आता टप्प्याची रुंदी दुप्पट, म्हणजे १२ मीटर केली तर काय होते? माती दुप्पट न होता चौपट होते; १२ घनमीटरऐवजी ४८ घनमीटर. मागील कडही दीड मीटरच्या पुढे जाते. त्याऐवजी ६ मीटरचे दोन टप्पे एकाखाली एक काढले, तर २४ घनमीटर मातीत तेवढीच सपाट जागा मिळते आणि कोणतीही कड ८० सेंटिमीटरहून उंच होत नाही. डोंगराळ भागातील शेतकरी भाताच्या मजग्या अरुंद ठेवीत आले, त्यामागे हेच गणित आहे. घर आडवे पसरविण्याऐवजी उताराच्या पायऱ्यांत बसविणे हा खर्च, श्रम आणि धोका एकाच वेळी कमी करणारा निर्णय असून तो ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

ट्रॅक्टर केव्हा उलटतो?

मागील चाकांतील अंतर १०० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल, तर स्थिर ट्रॅक्टर कागदोपत्री सुमारे ४० अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उभा राहतो. भरलेली बकेट वर उचलली आणि गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर गेला, की ही मर्यादा २९ अंशांवर येते. त्यातच खालचे चाक १० सेंटिमीटर खोल खड्ड्यात गेले आणि वरचे चाक तेवढ्याच उंचीच्या दगडावर चढले, तर उतारात आणखी ११ अंशांची भर पडते. म्हणजे १५ अंशांच्या उतारावर यंत्र २६ अंशांवर पोहोचते. उरलेले तीन अंश संपविण्यास एक हिसका किंवा वळण पुरेसे असते. शिवाय ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यावर झुलता असल्याने प्रत्यक्षातील मर्यादा या आकड्यांहून कमीच असते.

म्हणून उतारावर आडवे चालविणे टाळून सरळ वर-खाली चालवावे. यंत्राची जड बाजू नेहमी चढाकडे असावी: पुढे भरलेली बकेट असेल तर चढताना तोंड वर ठेवून जावे आणि उतरताना त्याच स्थितीत मागे यावे. बकेट जमिनीलगत ठेवावी. दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडलेले असावेत. उतरताना लो गिअर ठेवावा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडू नये. ताज्या भरावाच्या कडेपासून किमान भरावाच्या उंचीइतके अंतर राखावे. ओढावयाचा दगड किंवा खोड मागच्या आसाच्या वर बांधल्यास ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो आणि चालकाला सावरण्यास दोन सेकंदही मिळत नाहीत.

स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तेथे झपाट्याने घटले. आपल्याकडील अनेक लहान ट्रॅक्टरवर ही चौकट नसते, किंवा फांद्या आड येतात म्हणून ती काढून ठेवलेली असते. चौकट उभी असेल तेव्हा पट्टा अवश्य बांधावा. चौकट नसलेल्या ट्रॅक्टरने उतारावर माती हलवूच नये.

जिवंत थर वेगळा ठेवा

मातीचा वरचा १० ते १५ सेंटिमीटरचा थर खालच्या थराहून केवळ रंगाने वेगळा नसतो. स्प्रिंगटेल, कोळीवर्गीय सूक्ष्म जीव, मुंग्या, शेणकिडे, भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि गांडुळे यांपैकी बहुसंख्य जीव याच थरात वावरतात. पहिल्या पावसानंतर दिसणारा मखमली लाल ‘मृगाचा किडा’ अरवलीच्या पायथ्याशीही दिसतो. तो खरे तर कीटक नसून कोळीवर्गीय जीव आहे. एरवी जमिनीत दडलेला हा जीव वाळवीसारखे लहान कीटक आणि कीटकांची अंडी खातो. जमिनीत एकटीने बिळे करणाऱ्या अनेक जातींच्या मधमाश्याही अशाच उघड्या उतारांवर घरटी करतात आणि परिसरातील भाजीपाला व फळझाडांच्या परागीभवनास हातभार लावतात.

लेव्हलरचा पहिलाच फेरा हा थर भरावाच्या तळाशी गाडून टाकतो. वर येतो तो निर्जीवप्राय मुरूम किंवा रेती. तिच्यावर गवत धरत नाही आणि पहिल्याच पावसात घळी पडतात. मानेसरसारख्या ठिकाणी तर मुळात हा थरच पातळ आहे आणि तो तयार होण्यास शेकडो वर्षे लागली आहेत. म्हणून वरची माती प्रथम खरवडून बाजूला ठेवावी. ढीग एक मीटरहून उंच नसावा, अन्यथा आतील हवा कोंडते. काम संपताच ती माती पुन्हा वर पसरावी.

भरावात खोडे, मुळ्या व फांद्या गाडणे ही तर वाळवीला दिलेली मेजवानीच होय. लाकूड कुजून भराव खचतो आणि पायालगत वाळवीची वसाहत पोसली जाते. उतारावरील वारूळ ट्रॅक्टरने सपाट केल्याने वसाहत नष्ट होत नाही. राणीचा कक्ष खोलवर शाबूत राहू शकतो. शिवाय वारुळाखालील जमीन पोकळ असल्याने तेथे चाक अचानक खचते. काम सुरू करण्यापूर्वी सर्व वारुळे चालत जाऊन पाहावीत व खुणा करून ठेवाव्यात. घराच्या पायासाठी वाळवीप्रतिबंधक उपाययोजना भारतीय मानक ६३१३ नुसार बांधकामाच्या वेळीच करावी. नव्या भरावावर कच्चे शेणखत टाकू नये, कारण त्यातून हुमणीस आमंत्रण मिळते. पूर्ण कुजलेले खतच वापरावे.

पाण्याला वाट द्या

टप्प्याच्या वर १०० चौरस मीटर उतार असेल आणि एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या उतारावर ५,००० लिटर पाणी पडते. ते सैल भरावात शिरू नये म्हणून टप्प्याच्या वरच्या बाजूस चर काढून पाणी खडकाळ जागी सोडावे. चरात आठवडाभर पाणी साचून राहिल्यास डासांची पैदास होते, म्हणून त्याला हलका ढाळ द्यावा. भरावाखालील मूळ उताराला पायऱ्या कापाव्यात, जेणेकरून भराव घसरणार नाही. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, किंचित ओलसर असताना रोलरने दाबावी. ट्रॅक्टरच्या चाकांनी ती पुरेशी दबत नाही. घराचा पाया भरावावर न घेता कापलेल्या बाजूच्या घट्ट जमिनीवर घ्यावा. कडेला मानेसरकडे अंजन गवत, तर महाराष्ट्रात वाळा किंवा मारवेल लावावे. काम पावसाळा संपल्यावर सुरू करून उन्हाळ्याअखेर पुरे करावे.

पाणी आणि सैल माती एकत्र आल्यावर काय घडू शकते, हे महाराष्ट्राने ३० जुलै २०१४ रोजी पाहिले. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते. त्याचबरोबर डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचा प्रश्नही त्यानंतर गांभीर्याने पुढे आला. एका भूखंडावरील काम आणि माळीण यांच्या व्याप्तीत मोठे अंतर आहे, परंतु उतार, माती आणि पाणी यांचे नियम दोन्हीकडे तेच असतात. मागील कड दीड मीटरहून उंच जात असेल, भूखंडाच्या वर किंवा खाली वस्ती असेल, अथवा जमिनीतून झरे पाझरत असतील, तर लहान ट्रॅक्टरचे काम तेथेच थांबवून भूतज्ज्ञ वा स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.