दूरसभा आणि घरचा उंबरठा

ज्यांचें सारें जीवन आगगाडीच्या वेळापत्रकाशीं बांधलेलें, त्या ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील गृहस्थांस २०२० सालच्या मार्च महिन्यांत एक अपूर्व अनुभव आला. लोकलगाड्या बंद पडल्या आणि कचेरी, शाळा, गाण्याची शिकवणी, किंबहुना मुलगी पाहण्याचा कार्यक्रमहि घरांतील संगणकाच्या पडद्यावर होऊं लागला. पुढें गाड्या सुरू झाल्या, कचेऱ्या उघडल्या. परंतु दूरसभेची चाल कांहीं गेली नाहीं. मुलगा किंवा मुलगी परदेशीं आहे अशीं घरें आमच्या या पट्ट्यांत थोडीं नाहींत, आणि रविवारीं सकाळीं तिकडच्या नातवंडांचें मुखदर्शन हा तेथील नित्यनेमच होऊन बसला आहे. या सोयीविषयीं आमची तक्रार नाहीं. मात्र तिच्यासाठीं आपण घराचें कोणतें दार कोणास उघडून देतों, याचा विचार फारच थोड्या घरीं होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

‘झूम’, ‘गूगल मीट’, ‘टीम्स’ यांपैकीं कोणतीहि दूरसभा घ्या, तिच्यासाठीं द्यावयाची परवानगी एकच एक नसते. जुन्या वाड्याचा दृष्टांत घेतल्यास हा भेद लवकर कळेल. कॅमेऱ्यास परवानगी देणें म्हणजे पाहुण्यास ओसरीवर बसविणें. तेथून जेवढें दृष्टीस पडेल तेवढें तो पाहील. मायक्रोफोनची परवानगी त्याहून खोल जाते. कारण दृष्टि भिंतीपाशीं अडते, पण माजघरांतलें बोलणें भिंतीआडूनहि ऐकूं येतें. पडदा दाखविण्याची परवानगी म्हणजे आपली चोपडी उघडून पाहुण्यापुढें ठेवणें. आणि आपला संगणक दुसऱ्यास दुरून चालवूं देणें म्हणजे कमरेच्या किल्ल्याच काढून देणें होय. या चारहि गोष्टी एकाच होकारांत उरकणें शहाणपणाचें नाहीं.

दुसरें असें कीं, येथें उंबरठे दोन आहेत. एक संगणकाच्या मूळ व्यवस्थेचा, म्हणजे विंडोज किंवा मॅक यांचा, दुसरा ब्राउझरचा. दोहोंचा होकार मिळाल्याशिवाय चित्र वा आवाज पलीकडे जात नाहीं. ब्राउझरमध्यें ‘अलाऊ’ म्हटलें तरी पडदा काळाच राहतो, ही जी अडचण पुष्कळांस येते, तिचें कारण बहुधा हेंच असतें. विंडोज ११ मध्यें ‘सेटिंग्ज’ उघडून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या सदराखालीं कॅमेरा व मायक्रोफोन यांचीं दोन निरनिराळीं पानें पाहावीं. तेथें कांहीं ॲप्सना स्वतंत्र बटण असतें. परंतु ‘डेस्कटॉप ॲप्स’ या वर्गास मिळून एकच बटण असतें, आणि संगणकावर उतरवून घेतलेला झूम किंवा नेहमींचा ब्राउझर बहुधा याच वर्गांत मोडतो. तें बटण बंद केल्यास सर्वांचेंच दार लागतें, हें विसरूं नये. मॅकवर प्रत्येक ॲपपुढें निराळें बटण असतें, पडदा दाखविण्याचें सदरहि वेगळें असतें, आणि बदल लागू होण्यास तें ॲप बहुधा एकदां बंद करून पुन्हां उघडावें लागतें. ब्राउझरला दिलेली परवानगी पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकावरील चिन्ह दाबून केव्हांहि परत घेतां येते. अलीकडच्या मोबाइलवर कॅमेरा चालूं असतां वरच्या बाजूस हिरवा ठिपका दिसतो. सभा संपल्यावरहि तो दिसत राहिला, तर कोणी आंत थांबलें आहे असें समजावें व शोध घ्यावा.

केंद्रीय गृहमंत्रालयानें १६ एप्रिल २०२० रोजीं झूमविषयीं एक सूचनापत्रक प्रसिद्ध केलें होतें. सरकारी कामासाठीं अधिकाऱ्यांनीं तें साधन वापरूं नये असें सांगून, खासगी लोकांस कांहीं नियम घालून दिले होते: दर सभेस नवा संकेतशब्द असावा, येणारास आधीं बाहेरच्या खोलींत थांबवावें, पडदा दाखविण्याचा अधिकार यजमानाकडेच राहावा, आणि सर्व मंडळी जमल्यावर सभेस कुलूप घालावें. हे नियम आजहि तितकेच उपयोगी आहेत. हल्लीं पोलिसांचा वेष घेऊन व्हिडिओवर ‘डिजिटल अटक’ करणारे भामटे वृद्धांस गांठतात. अशी अटक कायद्यांत मुळींच नाहीं. अनोळखी मनुष्य ‘तुमचा पडदा दाखवा’ असें म्हणतांच संभाषण तोडावें, कारण बँकेचा ओटीपी त्यास तेथल्या तेथें वाचतां येतो. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें.

परंतु हीं सर्व बटणें यथास्थित लावलीं तरी एक प्रश्न उरतो, आणि आमच्या मतें तोच मुख्य होय. संगणक परवानगी विचारतो ती त्याच्यापुढें बसलेल्या एकट्यास. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत त्याच्या पाठीमागें मात्र सारें कुटुंब वावरत असतें. न्हाऊन केस पुसत जाणारी सून, अंथरुणास खिळलेले आजोबा, परीक्षेंत गुण कमी पडले म्हणून रडणारी मुलगी, यांना कोणी विचारलें? एकानें ‘अलाऊ’ दाबलें आणि सर्वांची संमति गृहीत धरली गेली. नवऱ्याची सभा चालूं असतां स्वतःच्याच घरांत भिंतीच्या कडेकडेनें चालणाऱ्या गृहिणी आम्ही पाहिल्या आहेत.

‘आपल्या घरीं लपविण्यासारखें आहे तरी काय?’ असें कोणी म्हणतील. त्यांनीं ‘गुप्त’ या शब्दाकडे पाहावें. तो ‘गुप्’ धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा अर्थ रक्षण करणें असा आहे. न्हाणीघरास आपण कडी घालतों ती आंत चोरी चालली आहे म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि तो हक्क घराच्या कर्त्यास नव्हे, प्रत्येक व्यक्तीस आहे. जो हक्क सरकारनें मानावा, तो आपण आपल्याच माणसांचा मानूं नये काय?

यास खर्च कांहीं नाहीं. सभेची वेळ घरांत आधीं सांगावी. आपल्या पाठीशीं भिंत येईल असें बसावें. बोलण्याची पाळी नसतांना मायक्रोफोन बंद ठेवावा. महिन्याच्या जमाखर्चास बसाल तेव्हां परवानग्यांची यादीहि एकदां नजरेखालून घालावी, आणि ज्या ॲपचें काम संपलें त्याचा होकार काढून घ्यावा. एखाद्या दिवशीं घरांतून नकार आला, तर कॅमेरा बंद ठेवून केवळ आवाजावर सभा करावी. परदेशांतल्या नातवास आजीचा आवाज पुरेसा ओळखीचा असतो.