वृक्षनेच्याचा हिवाळा

तुळजापूर-सोलापूर रस्त्यावरील तामलवाडी परिसरातल्या एका शिक्षकमित्रांनी रोपवाटिकेतून वृक्षनेचा आणला. पावसाळाभर तो छान वाढला. दिवाळीनंतर थंडी पडू लागली, तेव्हा बागकामाच्या एका इंग्रजी पुस्तकात वाचल्याप्रमाणे त्यांनी त्याच्या शेंड्याभोवती कोरडे गवत बांधले आणि कुंडी उन्हात ठेवली. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या आणि शेंड्यातले गुंडाळीसारखे कोवळे पान उलगडण्याआधीच वाळले. “एवढी ऊब देऊनही थंडीने कसा गेला?” असे त्यांनी मला विचारले.

तो थंडीने गेला नव्हता. वृक्षनेच्याला एकच वाढबिंदू असतो, तोही खोडाच्या टोकाला. सहसा त्याला फांद्या फुटत नाहीत; त्यामुळे हा बिंदू मेला की बहुधा झाडच संपते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात पाणी गोठते, म्हणून तिथले लोक ऑस्ट्रेलियातून आणलेल्या डिक्सोनिया या वृक्षनेच्याच्या शेंड्यात गवत भरतात. तामलवाडीत पाणी गोठत नाही. इथला शत्रू वेगळा आहे.

तो ओळखण्यासाठी एक सोपे गणित करू या. १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १३ ग्रॅम वाफ मावते. ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. समजा, पहाटे १५ अंशांना हवा वाफेने पूर्ण भरलेली आहे, गवतावर दव आहे. दुपारी तीच हवा ३० अंशांपर्यंत तापली. वाफ तेवढीच, १३ ग्रॅम. पण आता मावू शकते ३० ग्रॅम. म्हणजे सापेक्ष आर्द्रता १०० वरून सुमारे ४३ टक्क्यांवर आली! पहाटे दव पडूनही दुपारची हवा पानांतले पाणी ओढून घेते. वृक्षनेच्याची पाने लांबरुंद आणि पातळ, तर पाणी वर नेणाऱ्या वाहिनिका अरुंद. खर्च जमेपेक्षा जास्त झाला की पान करपते. कोरड्या गवताने यात काहीच मदत होत नाही आणि उन्हाने खर्च वाढतो.

मग याच कोरड्या मुलखात नेचे जगतच नाहीत का? जुन्या दगडी विहिरीत डोकावून पाहा. आतल्या भिंतीवर, काळ्या चकचकीत देठांचा नाजूक हंसराज लोंबताना दिसतो. तोही नेचाच. विहिरीत ऊन थोडे, वारा नाही, खालच्या पाण्याची वाफ कोंडून राहते आणि तापमान फारसे बदलत नाही. हिवाळ्यात सकाळी विहिरीचे पाणी कोमट लागते, ते यामुळेच.

वृक्षनेच्याला हिवाळ्यात अशी ‘विहीर’ करून द्यायची. कुंडी पश्चिमेच्या उन्हापासून आणि वाऱ्यापासून आडोशाला, सावलीत ठेवावी. तिन्ही बाजूंनी गोणपाट टांगून ते दुपारी ओले करावे. खोडाभोवती दिसणारा काळपट थर म्हणजे मुळांचेच वेष्टण असते. म्हणून नुसत्या मातीला नव्हे, खोडालाही पाणी शिंपडावे. खोडाला काथ्या गुंडाळून तो ओलसर ठेवला तर उत्तम. शेंड्यात मात्र पाणी साचू देऊ नये. कुंडीत जड काळ्या मातीऐवजी पालापाचोळ्याचे कुजलेले खत जास्त असावे, म्हणजे मुळांना हवा मिळते. सुटीच्या दिवसांची पाळी आधीच ठरवून ठेवावी. एक कोरडा आठवडाही पुरेसा घातक ठरतो.

वर्गासाठी एक प्रयोग. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले सुती कापड गुंडाळा. दुपारी तीन वाजता दोन्हींची नोंद आधी अंगणातल्या सावलीत आणि मग गोणपाटाच्या आत घ्या. दोन तापमानांतला फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. गोणपाटाचा उपयोग होतो की नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

शेवटी एक विनंती. सायाथिया जायगॅन्टिया हा आपला वृक्षनेचा पश्चिम घाटात, ईशान्य भारतात आणि मध्य प्रदेशातील पचमढीला ओढ्यांकाठी वाढतो. वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सायाथिया प्रजातीचा समावेश आहे. सहलीला गेल्यावर जंगलातले रोप उपटून आणू नये. बीजाणूंपासून रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे. आणि ओल टिकवण्याची रोजची तयारी नसेल, तर कुंडी नकोच. गावच्या विहिरीतला हंसराज कठड्याबाहेरून दाखवा. धडा तोच आहे.