मागच्या रांगेपासून

पहिल्या वर्षाच्या एरोबिक्सचा पहिला तास असला की हॉल मागून भरत येतो. मुली मागच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात, मुलं खिडकीच्या कट्ट्यापाशी घोळका करतात आणि मधली सगळी फरशी मोकळी राहते. 'पुढे या' म्हटलं की दोन पावलं पुढे येतात आणि हजेरी संपेपर्यंत परत मागे सरकलेल्या असतात. म्हणून मी ते म्हणतच नाही. स्पीकर उचलते, चालत मागच्या भिंतीपाशी जाते आणि तिथूनच तास सुरू करते. सगळ्यांना वळावं लागतं. शेवटची रांग पहिली होते आणि कुणाच्या काही लक्षात यायच्या आत पाय जागच्या जागी पडायला लागलेले असतात.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षण शिकवते. पूर्वी जिमखान्यात यायची ती संघात निवडलेली मुलं. कबड्डीची, खो-खोची, धावण्याची. त्यांना आवड असायची, सवय असायची, आईबापांचा पाठिंबा असायचा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आरोग्य आणि तंदुरुस्तीला क्रेडिट आले आणि बाकीचीही दारात येऊन उभी राहिली. त्यातल्या कितीतरी मुली आठवीनंतर मैदानावर उतरलेल्याच नाहीत. पाळी सुरू झाली, शाळेचं मैदान मुलांच्या ताब्यात गेलं, घरी धाकट्या भावंडांचं बघायचं आलं. खेळ कधी सुटला हेसुद्धा त्यांना सांगता येत नाही. हा विषय खरा आहे तो यांच्यासाठी, असं मला ठामपणे वाटतं. जे आधीच पळतात ते माझ्याशिवायही पळतील.

त्यामुळे सुरुवातीचे आठवडे मी फार सोपं शिकवते. मार्च, स्टेप-टच, व्ही-स्टेप, ग्रेपवाइन. एक पाय कायम जमिनीवर. त्याला लो-इम्पॅक्ट म्हणतात, आणि आमच्या हॉलची शहाबादी फरशी पाहता दुसरा पर्यायही नाही. लाकडी तळ थोडा दबतो, दगड दबत नाही. उडीचा सगळा मार नडगीवर आणि गुडघ्यावर येतो. त्यात निम्म्या मुली चपला घालून आलेल्या असतात. चपलेपेक्षा अनवाणी बरं, असं मी सांगते, पण तेही उड्या नसतील तेव्हाच.

जम्पिंग जॅक सुरुवातीला न घेण्याचं आणखी एक कारण आहे, ते कुठल्या हस्तपुस्तिकेत मला सापडलं नाही. हात डोक्यावर गेले की कुर्ता वर जातो. मग मुलगी एका हाताने कुर्ता धरते आणि एकच हात वर नेते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हिला समन्वय जमत नाही. तसं काही नसतं. तिचं सगळं लक्ष कपड्यावर असतं. म्हणून हात पहिल्यांदा खांद्याच्या खालीच ठेवायचे. ओढणी काढून ठेवायची की कमरेला घट्ट बांधायची, हे जिचं तिने ठरवायचं. पुढे लेडीज रूममध्ये मुलींना वेगळं बसवून अंतर्वस्त्रांबद्दलही बोलते: धावताना, उड्या मारताना छातीला आधार लागतो, तो नसेल तर दुखतं, आणि दुखतं म्हणून व्यायाम नकोसा होतो. हे त्यांच्याशी आधी कुणीच बोललेलं नसतं. पाळीच्या दिवसांत व्यायाम चालतो का, हा प्रश्न त्याच बैठकीत येतो. चालतो, त्रास होत असेल तर कमी करायचा, फार दुखत असेल किंवा फार जात असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. एवढं सरळ उत्तर ऐकायला त्या एकमेकींना सरकवून पुढे येतात.

शिकवण्याचं खरं कसब मोजणीत आहे. एरोबिक्सचं संगीत आठच्या मोजणीवर चालतं. अशा चार मोजण्या मिळून बत्तीसचा एक तुकडा होतो आणि पावलांची रचना त्यात बसवायची असते. गती मिनिटाला १२५ ते १३५ ठोके एवढी पुरते. पाऊल बदलायचं असेल तर ते पाचव्या ठोक्यावर सांगावं लागतं, म्हणजे सहा-सात-आठमध्ये ते कानातून पायात उतरतं. आठव्यावर सांगितलं तर अर्धा वर्ग उजवीकडे आणि अर्धा डावीकडे जातो. शिवाय मी त्यांच्याकडे तोंड करून उभी असते, त्यामुळे तोंडाने 'उजवा' म्हणताना माझा डावा पाय उचलायचा. ही उलटी पावलं अंगवळणी पडायला शिक्षकाला वेळ लागतो. माझ्याकडे सरावाला येणारे शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी इथेच सगळ्यात जास्त अडखळतात.

गाण्यांची मागणी ठरलेली. 'मॅडम, झिंगाट लावा.' लावते, पण शेवटी, मोकळं नाचायला. सिनेमाच्या गाण्यात मुखडा आणि अंतऱ्याच्या मध्ये चार-दोन ठोके जास्तीचे येतात आणि बत्तीसची रचना निसटते. सहा मात्रांचा दादरा तर आठच्या मोजणीत बसतच नाही. तासाला म्हणून मी सरळ ठेक्याचं, शब्द नसलेलं संगीत वापरते. शब्द असले की मुलं गाण्याकडे लक्ष देतात, श्वासाकडे देत नाहीत.

मोजणीची भीती ज्या दिवशी गेली तो दिवस लेझीमचा होता. ग्रेपवाइनवर वर्ग अडला होता. मी विचारलं, शाळेत लेझीम कुणी केलंय? जवळजवळ सगळे हात वर. चार आवाज, आठ आवाज, सगळं पाठ. गणपतीत, शिवजयंतीत यातली कितीतरी मुलं-मुली हलगीच्या ठेक्यावर तासन्‌तास लेझीम खेळलेली. जिमखान्याच्या कपाटातून लेझमा काढल्या, दोन फेऱ्या झाल्या, मग लेझमा खाली ठेवून तीच पावलं संगीतावर घेतली. ठेका त्यांच्या अंगात होताच. मी तो परक्या नावांनी मागत होते एवढंच. तेव्हापासून दर वर्षी ग्रेपवाइनच्या आधी लेझीम येतं.

आता श्वासाबद्दल. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ साली आलं. त्यात नाच नव्हता. चालणं, धावणं, पोहणं, सायकल यांनी हृदय आणि फुप्फुसं किती प्राणवायू वापरू शकतात, हे मोजण्याचा तो विचार होता. संगीतावरची पावलं पुढच्याच वर्षी जॅकी सोरेन्सन यांनी त्याला जोडली. आपल्याकडे नाच तेवढा पोचला आणि मोजणं मागे पडलं. मला ते मोजणं वर्गात हवंच असतं. गाणं थांबलं की दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी. दहा सेकंद ठोके मोजायचे, त्याला सहाने गुणायचं. २२० मधून वय वजा केलं की कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. अठरा वर्षांच्या मुलीचा २०२. मध्यम व्यायामात दहा सेकंदांना साधारण २२ ते २५ ठोके पडावेत. पहिल्यांदा नाडी सापडत नाही, मग सापडते आणि हॉलभर एकदम गप्प होतं. स्वतःचं हृदय मोजून पाहणं अनेकांनी पहिल्यांदाच केलेलं असतं. ज्यांना मोजणं जमत नाही त्यांना सोपी खूण: वाक्य पुरं बोलता येतंय पण गाता येत नाही, तर गती बरोबर आहे. बोलताच येत नसेल तर कमी करा.

दुसऱ्याच गाण्याला काही मुली बसतात. चेहरा पांढरा, ओठ सुकलेले, कपाळावर गार घाम. त्यांना आळशी म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि मला त्याचा राग येतो. मी पहिला प्रश्न विचारते तो व्यायामाचा नसतो. सकाळी काय खाल्लंस? चहा. कधी चहा आणि खारी. सहाची एसटी पकडायची म्हणून पाचला उठून भाकऱ्या थापलेल्या असतात, पण स्वतःची दुपारच्या डब्यात. उपाशीपोटी, झोप अर्धी, आणि त्यात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. म्हणजे माझ्या समोरच्या रांगेतली दर दुसरी मुलगी त्यात असू शकते. प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल तर हृदय जास्त धावून ती भरपाई करतं, आणि जिना चढतानाही धाप लागते. अशा मुलीला 'अजून जोर लाव' म्हणणं क्रूरपणाचं आहे.

म्हणून सत्राच्या सुरुवातीला ग्रामीण रुग्णालयाकडून हिमोग्लोबिनची तपासणी करून घेतो. अहवाल हातात आल्यावर वर्गाचे मनातल्या मनात दोन भाग होतात, पण हे मी वर्गात कधी उच्चारत नाही. ज्यांचं कमी आहे त्यांना गाणी तीच, पावलं तीच, फक्त हात नाहीत. हात खाली ठेवले की ठोके कमी वाढतात, आणि कुणाला वेगळं काढल्यासारखंही वाटत नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी यांना आठवते. बहुतेकींनी ती फेकून दिलेली असते, कारण मळमळायचं. गोळी जेवणानंतर घ्या, तिच्यावर लगेच चहा पिऊ नका, लिंबू पिळलेलं काही घ्या, हे शिकवणं हा माझ्या लेखी एरोबिक्सचाच भाग आहे. तासाला येताना मूठभर शेंगदाणे आणि गूळ आणायचा, असा नियम केलाय. तो मात्र सगळे आनंदाने पाळतात.

मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांना एरोबिक्स बायकी वाटतं, ते दोन आठवड्यांत जातं. जात नाही ते पोलीस भरतीचं वेड, आणि ते वेड मी समजू शकते. घरात पहिली सरकारी नोकरी येण्याचा तोच रस्ता असतो. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. मग ही मुलं रोज पहाटे डांबरी रस्त्यावर तेवढंच अंतर जीव तोडून पळतात, रोज घड्याळ लावून. महिन्याभरात नडगी धरते. त्यांना सांगावं लागतं की आठवड्यातले बहुतेक दिवस हळू पळा, शेजारच्याशी बोलत पळा, जास्त अंतर पळा. जीव तोडून एखाद-दोन दिवसच. हळू पळणं म्हणजे कमीपणा असं ज्यांना वाटतं त्यांना पटवणं कठीण आहे. नाडीची वही मदतीला येते. तीच फेरी, तोच वेळ, आणि ठोके कमी पडलेले स्वतःच्या अक्षरात दिसले की वाद संपतो. काही मुलं पावडरचे डबे आणतात आणि 'मॅडम, हे घेऊ का?' विचारतात. आधी घरचं दूध, डाळ, अंडी, मटकी मोजा, मग बोलू, असं माझं उत्तर असतं.

वेलनेसच्या तासांना वर्गात बसून बोलायचं असतं. झोप, फोन, ताण. तयार तक्ते मिळतात, त्यात आठ तास झोप, रोज तीस मिनिटं चालणं, झोपण्याआधी तासभर फोन दूर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. मी वर्गाला आधी आपापली मिनिटं मोजायला लावते. वस्तीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत किती, विहिरीपर्यंत किती, ऊस असेल तर शेतात किती. काही मुलींची बेरीज ३०० च्या वर जाते आणि त्या चकित होतात. त्यांना चालायला सांगणारा तक्ता निरर्थक आहे. त्यांना हवी आहे झोप, आणि पाठीचा, खांद्याचा ताण काढणारे व्यायाम. त्याच बाकावर शेजारी बसलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीची बेरीज साठही होत नाही आणि ती रात्री दोनपर्यंत फोनवर असते. दोघींना एकच तक्ता देणं हा कामचुकारपणा आहे असं मी मानते.

गुण द्यायची वेळ आली की मी पहिल्या आठवड्याची वही उघडते. सुरुवातीला सगळ्यांची पायरी-चाचणी झालेली असते: प्रेक्षागॅलरीची पायरी, साधारण ४१ सेंटिमीटर उंच, तीन मिनिटं ठरलेल्या ठोक्यावर चढउतार, मग नाडी. ज्यांचं रक्त कमी आहे त्यांच्यासाठी लाकडी ठोकळा, निम्म्या उंचीचा. शेवटी तीच चाचणी, त्याच उंचीवर. मुलीची तुलना फक्त तिच्या स्वतःच्या आकड्याशी. १७० वरून १५२ वर आलेल्या मुलीला मी १३० वर असलेल्या खो-खोपटूपेक्षा जास्त गुण देते, आणि कुणी आक्षेप घेतला तर वही दाखवते.

शेवटच्या तासाला गटागटाने बत्तीसची रचना स्वतः बसवायची आणि इतरांना शिकवायची. जागेची अट घालते: चार फरश्या, त्याबाहेर पाऊल नाही, संगीत नाही, तोंडाने मोजायचं, आवाज शेजारच्या खोलीत जाता कामा नये. ही अट त्यांनीच सुचवलेल्या अडचणींतून आली आहे. घरात पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एवढीच जागा असते, लग्न झाल्यावर कदाचित तेवढीही नसेल, आणि सासरी गाणं लावता येईलच असं नाही. यंदा एका गटाने व्ही-स्टेपमध्ये लेझमाचा पवित्रा बसवला. पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभी असलेली एक मुलगी पुढे उभी राहून तो शिकवत होती, आणि पाऊल बदलताना ती पाचव्याच ठोक्यावर सांगत होती.