‘ओ’सुद्धा जिथे चालत नाही

ब्रुसेल्सची गोष्ट या आठवड्यात सांगायची ठरली होती, पण ती थांबेल. इंदूरच्या रामबागेतून एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणं या लेखमालेला शोभणार नाही. ते विचारतात: ‘ओ’ गटाची किडनी कुणालाही चालते म्हणता, मग ती मुंबई रक्तगटाच्या रुग्णालाही चालेल ना?

नाही चालणार.

का, ते समजायला इंदूरकरांना लांब जायला नको. मे २०२४ मध्ये तिथल्या एका महिलेसाठी मुंबई गटाच्या रक्ताची धावपळ झाली, ती अनेकांना आठवत असेल. आधीच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी तिला ‘ओ पॉझिटिव्ह’ रक्त चढवलं गेलं होतं. प्रकृती ढासळली, हिमोग्लोबिन ४ ग्रॅमच्या आसपास उतरलं, किडन्यांवरही परिणाम झाला. मग शोधाशोध सुरू झाली. नागपूरहून दोन पिशव्या विमानाने आल्या, एक तिच्या बहिणीने दिली आणि एका पिशवीसाठी शिर्डीहून एक रक्तदाता चारशेहून अधिक किलोमीटर गाडीने इंदूरला पोहोचला. बातम्यांमध्ये त्या प्रवासाचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या बातमीतले दोन तपशील अधिक बोलके आहेत. चुकीच्या रक्ताचा तडाखा किडनीला बसला. आणि घरातून जुळलं ते बहिणीचं रक्त.

आधी पहिला तपशील. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर ‘एच’ नावाची एक साखळी असते. ती खुंटी समजा. तिच्यावर एक जादा साखर अडकवली की माणूस ‘ए’ गटाचा, दुसरी अडकवली की ‘बी’ गटाचा. ‘ओ’ गटात काहीच अडकवलेलं नसतं, खुंटी मात्र असते. मुंबई गटात खुंटीच नाही. त्यामुळे त्या माणसाचं शरीर ‘ए’ आणि ‘बी’बरोबर ‘एच’लाही परकं मानतं आणि तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडं बाळगून असतं. ‘ओ’च्या पेशींवर तर ‘एच’ सगळ्यात जास्त! असं रक्त चढवलं की त्यातल्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, सुटं झालेलं हिमोग्लोबिन किडनीत उतरतं आणि तिथल्या सूक्ष्म नलिकांना इजा करतं.

गोंधळ होतो तो नेहमीच्या तपासणीत. नमुन्यात ‘ए’विरोधी थेंब टाकला, गुठळी नाही, ‘बी’विरोधी टाकला, तरी नाही. म्हणजे ‘ओ’, असा निष्कर्ष निघतो. उलट बाजूची चाचणीही केली, म्हणजे रुग्णाचं सीरम घेऊन त्यात ‘ओ’च्या पेशी टाकल्या, की नळी तिरकी करताच तळाशी गुठळी दिसते आणि तंत्रज्ञाच्या भुवया वर जातात. खऱ्या ‘ओ’ माणसाचं सीरम ‘ओ’च्या पेशींना हात लावत नाही. मुंबईतल्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांना १९५२ मध्ये हेच कोडं पडलं होतं. सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया हे त्यांचे सहकारी. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांबरोबर त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला आणि हा गट जगाला ठाऊक झाला. भाटिया यांनी पुढे १९७४ मध्ये साठे यांच्यासह मुंबईतलं प्रमाण साधारण ७,६०० जणांत एक असल्याचं नोंदवलं. युरोपात ते दहा लाखांत एक असं सांगितलं जातं. ज्या शहरात ही माणसं त्यातल्या त्यात जास्त, त्याच शहरात ती सापडावीत, यात नशिबाचा भाग होताच. पण न जुळणारी नळी ‘काहीतरी चुकलं असेल’ म्हणून धुऊन न टाकण्याची चिकाटीही होती.

आता किडनी. गेल्या आठवड्यात पाहिलं, की हे गट फक्त रक्तपेशींवर नसतात, किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात. म्हणून ‘ओ’ गटाच्या दात्याची किडनी म्हणजे अस्तरभर ‘एच’. मुंबई गटाच्या रुग्णात ती बसवली आणि आधी काही तयारी केली नाही, तर रक्तप्रवाह सुरू होताच प्रतिपिंडं तिच्यावर तुटून पडतील. म्हणजे ज्याला आपण सगळ्यांचा दाता म्हणतो, तोच इथे गट न जुळणारा दाता ठरतो.

इथे दुसरा तपशील कामाला येतो. हा गट ज्याला मिळतो, त्याला आई आणि वडील दोघांकडूनही ‘एच’ न घडवणारा जनुक आलेला असतो. आईवडिलांकडे बहुधा त्याची एकेकच प्रत असते, दुसरी चांगली. त्यामुळे त्यांच्या पेशींवर ‘एच’ व्यवस्थित असतो. रुग्णाच्या मुलांचंही तसंच. आपल्याकडे किडनी द्यायला आई पहिल्यांदा पुढे येते. या घरात तिची किडनी सहसा जुळत नाही. मुलाची नाही, नवऱ्याची किंवा बायकोचीही जवळजवळ नाहीच. उरतात सख्खी भावंडं, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या बाबतीत शक्यता चारात एक. इंदूरच्या त्या बहिणीचं रक्त जुळलं, ते याच हिशेबाने.

अदलाबदलीचाही उपयोग नाही. २०११ च्या कायदादुरुस्तीने दोन कुटुंबांना आपापसांत दाते बदलून घ्यायला वाट दिली. एकाची ‘ए’ किडनी, दुसऱ्याची ‘बी’, अशा जोड्या त्याने सुटतात. पण समोरच्या कुटुंबातला दाता ‘ए’ असो, ‘बी’ असो वा ‘ओ’, ‘एच’ त्याच्याकडे असणारच.

शिवाय टेबलावर रक्त लागलं तर? तेही मुंबई गटाचंच हवं. स्वतःचं रक्त आधी काढून साठवावं, तर किडनी निकामी झालेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन मुळातच कमी, कारण रक्त बनवायला सांगणारा एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक किडनीतच तयार होतं. त्याची इंजेक्शनं देऊन हिमोग्लोबिन वाढवता येतं, पण त्याला आठवडे लागतात. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत दात्यांची यादी शस्त्रक्रियेच्या तारखेआधी हातात हवी.

भावंड जुळलं नाही, तर मग प्रतिपिंडांनाच हात घालावा लागतो, आणि तो ‘ए’ रुग्णाला ‘बी’ किडनी देतानाही तसाच घालावा लागतो. आधी टायटर काढायचं. सीरम दर नळीत निम्म्याने पातळ करत जायचं, दोनात एक, चारात एक, आठात एक, आणि शेवटची गुठळी कुठल्या नळीत दिसते ते नोंदवायचं. कुणाचं २५६ वर थांबतं, कुणाचं १६ वर. जितकं वर, तितके प्लाझ्मा बदलण्याचे फेरे जास्त, आणि तितकंच बिलही. अनेक केंद्रं ते आठ किंवा सोळापर्यंत उतरल्याशिवाय शस्त्रक्रियेला हात लावत नाहीत.

ब्रुसेल्सच्या अलेक्झांडर यांनी १९८२ मध्ये गट न जुळणाऱ्या प्रत्यारोपणांना सुरुवात केली, तेव्हा प्लाझ्मा बदलून त्यांचं समाधान होत नसे. ते रुग्णाची प्लीहाही काढून टाकत. ती का, आणि पुढे एका औषधाने ती कशी वाचवली, ते पुढच्या आठवड्यात. तेव्हा मात्र कुणाचाही प्रश्न मध्ये येऊ द्यायचा नाही, असं आत्ता तरी ठरलं आहे.