मातीचा बैल

पैनगंगेच्या दक्षिणेस तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात मोडत. पुढे सीमा बदलली. परंतु श्रावण अमावास्येचा पोळा नदीच्या दोन्ही तीरांवर कायम राहिला. त्या दिवशी ज्याच्या दावणीला बैल नसतो, त्याच्या घरी मातीची बैलजोडी पाटावर बसते. पुष्कळदा ती मुलांच्याच हातची असते.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. या भागातील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते; उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. निव्वळ काळ्या मातीचा बैलही म्हणूनच तडकतो. तीत राख, बारीक वाळू किंवा कोंडा मिसळला म्हणजे आकसणे कमी होते. बैल वाळवावा तोही सावलीत. कारण उन्हात वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि तडा जातो. धडाचा भार पेलावा म्हणून पाय आखूड व जाड ठेवावे लागतात.

मुलाला वशिंड कसे असते हे कोणी शिकवीत नाही. खांदेमळणीला बैलाच्या खांद्यावर हळद व लोणी चोळताना हाताला जे जाणवले, तेच बोटांतून मातीत उतरते. बालपणाचा तो एक क्षण त्या ओबडधोबड मूर्तीत साठून राहतो.

मातीच्या बैलाचे नाते फार जुने आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा कच्च्या मातीचा बैल सापडला. तो खेळणे नव्हता. स्त्रीमूर्तीसह घराच्या जमिनीखाली जपून पुरलेला होता.

आता नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली आहे आणि दावणी रित्या होत आहेत. कित्येक घरांत मुलाच्या हाती लागणारा बैल तेवढा मातीचाच. बाजारातील साच्याचे बैल सुबक असतात खरे. पण त्यांत मुलाने पाहिलेले असे काहीच नसते. तेव्हा पोळ्यापूर्वी मुलाला एखाद्या गोठ्यात न्यावे, बैलाच्या पाठीवर त्याला हात ठेवू द्यावा, आणि मग त्याच्यापुढे मातीचा गोळा ठेवावा. बैल वाकडा झाला तरी हरकत नाही. तो त्याचा स्वतःचा असेल.