इंटर्नशिप कला शाखेचीही!

इंटर्नशिप, अर्थात आंतरवासिता, हा शब्द काही वर्षांपूर्वीपर्यंत वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांपुरताच मर्यादित होता. मराठी, इतिहास वा तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करणाऱ्यांना तिच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मुळे हे चित्र पालटले. राज्यातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या रचनेत पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्पासाठी ४ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, या हिशेबाने १२० तासांचे काम होते. हे श्रेयांक पदवीचाच भाग असल्याने ते टाळता येत नाहीत.

श्रेयांक आले, पण जागा कुठे आहेत? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यासाठी सनदी लेखापालाचे कार्यालय, बँक असे ठरलेले दरवाजे असतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला आधी दरवाजाच शोधावा लागतो. वस्तुसंग्रहालये, पुराभिलेखागारे, प्रकाशन संस्था, कोश प्रकल्प, स्वयंसेवी संस्था अशी ही ठिकाणे. एकट्या पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ चे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि १९४८ पासून संस्कृत महाकोशाचे काम चालवणारे डेक्कन कॉलेज आहे. पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराची मोडी कागदपत्रे तर अभ्यासकांना ठाऊकच आहेत. अशा संस्थांची जाहिरात निघेल म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. किमान दोन महिने आधी थेट पत्र लिहावे. मात्र विभागाची संमती त्याआधी घ्यावी.

खरी अडचण येते ती अर्ज लिहिताना. ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ या वाक्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आवड सर्वांनाच असते. संस्थेला हवा असतो कामाला हात लावणारा माणूस. त्यामुळे अभ्यासाचे रूपांतर कामात करून सांगावे. मोडी वाचता येते का, युनिकोडमध्ये शुद्ध मराठी टंकलेखन जमते का, ध्वनिमुद्रित मुलाखतीचे शब्दांकन केले आहे का, इंग्रजीतून मराठीत भाषांतराचा सराव आहे का? एखाद्या निबंधासाठी जुन्या मासिकाच्या पन्नास अंकांची विषयसूची केली असेल, तर तो अनुभवच आहे आणि तो तसाच, आकड्यासह लिहावा. अर्ज एका पानाचा असावा. सोबत स्वतःच्या लेखनाचा दोन पानी नमुना जोडावा. दहावीपासूनच्या गुणपत्रिकांच्या प्रतींपेक्षा त्याचे वजन अधिक पडते. शिफारसपत्रही विभागप्रमुखांचेच हवे, हा एक गैरसमज. ज्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्याचे लेखन खरोखर वाचले आहे, त्यांच्या चार ओळी अधिक उपयोगी ठरतात.

विद्यावेतनाबद्दल विचारण्यात संकोच बाळगू नये. या क्षेत्रातील अनेक संस्था ते देऊ शकत नाहीत, आणि सोलापूर वा नांदेडहून येणाऱ्या विद्यार्थ्याला खोलीभाडे व खानावळीचा खर्च सोसणे जड जाते. रोज सहा तासांप्रमाणे सलग २० दिवस राहणे शक्य नसेल, तर आठवड्याला १२ तास याप्रमाणे १० आठवड्यांची मुभा विभागाकडे मागून पाहावी. गावातील जुन्या नगर वाचनालयातील दुर्मीळ ग्रंथांची सूची करणे हेही राजधानीच्या शहरातील कामाइतकेच प्रतिष्ठेचे आहे. ‘नोंदणी शुल्क’ भरा आणि घरबसल्या प्रमाणपत्र मिळवा, असे सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. तोंडी परीक्षेत केलेल्या कामाबद्दल प्रश्न आला, की असे प्रमाणपत्र उत्तर देऊ शकत नाही.

निवड झाल्यावर कामाचे स्वरूप, तास आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव संस्थेकडून लेखी घ्यावे. त्याची एक प्रत मार्गदर्शक प्राध्यापकांकडे द्यावी आणि दैनंदिनीवर दर आठवड्याला स्वाक्षरी घेत जावी.